धोंड्या, सिद्धार्थ आणि पुढं काय?

वस्तीत पाळणा हलला की पहिला प्रश्न येतो, नाव काय ठेवायचं? हल्ली आईबाप मोबाईल उघडतात, याद्या चाळतात. नाव छोटं पाहिजे, नवं पाहिजे, शाळेत दुसऱ्या कुणाचं नसावं. कुणी सम्यक ठेवतो, कुणी सुगत, कुणी पोरीचं संबोधी. कुणी सरळ आरव नाहीतर विहान उचलतो. आणि आपली कार्यकर्ती पोरं म्हणतात, नावात काय ठेवलंय, लढ्याचं बोला.

मित्रांनो, नावात पुष्कळ ठेवलंय. ज्यांनी आपल्याला गावाबाहेर ठेवलं त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात, एकतिसाव्या श्लोकात, नावाचा कायदाच करून ठेवला. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं नाव किळस यावी असं. पुढच्याच श्लोकात सांगितलं की शूद्राच्या नावात चाकरी दिसली पाहिजे. शूद्राची ही गत, तर त्याच्याही खाली ज्याला ढकललं त्याची काय असेल? पोरानं अजून डोळे उघडले नाहीत तोवर त्याच्या कपाळी हलकेपण लिहायची तजवीज झालेली. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला तो ग्रंथ जाळला, त्या आगीत हा नावाचा कायदाही जळाला. भाषणात आपण पाण्याचं बोलतो, नावाचं बोलायचं राहून जातं.

माझ्या आज्याच्या पिढीत आमच्या आळीत कचरू होते, उकिर्डा होते, दगडू, धोंडू, भिकू होते. बाया दगडाबाई, कचराबाई. आजची पोरं ही नावं ऐकून हसतात. हसू नका. मायबापांना लेकराचा तिटकारा होता म्हणून ही नावं पडली नाहीत. एकामागून एक पोरं जायची. दवाखाना नाही, प्यायला धड पाणी नाही, बाळंतिणीच्या पोटात अन्न नाही. मग पुढचं पोर झालं की ते घटकाभर उकिरड्यावर ठेवायचं, टाकलं म्हणायचं आणि उचलून आणायचं. ते झालं उकिर्डा, नाहीतर कचरू. भीक मागून घेतल्यागत केलं तर भिकू. दगडागत टिकावं म्हणून दगडू. सटवीला वाटावं, हे पोर कुणालाच नकोय, कशाला न्या? नाव घाणीचं, पण त्या नावाआड आईनं आपला जीव लपवलेला होता.

कुणी म्हणेल, ही चाल सगळ्याच जातींत होती. होती. धोंडो केशव कर्वे यांच्या नावातही धोंडाच आहे. पण त्यांना जगानं महर्षी म्हटलं. नाव एकच, हाक निराळी. आळी बदलली की नावाचं शेपूट बदलायचं. ब्राह्मणाघरचा तो धोंडोपंत, पाटलाच्या वाड्यातला धोंडीराव आणि महारवाड्यातला धोंड्या. साठीच्या म्हाताऱ्याला पाटलाचं दहा वर्षांचं पोरगं ‘ए धोंड्या’ म्हणायचं आणि म्हातारा ‘जोहार मायबाप’ म्हणत वाकायचा. मनूचा श्लोक पाटलाच्या पोरानं वाचलेला नव्हता. वाचायची गरजही नव्हती. तो श्लोक त्या ‘या’मध्ये मुरलेला होता.

त्याच महारवाड्याची दुसरी खूण होती ‘नाक’. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं कोरलीत. त्यातली बावीस नावं ‘नाक’नं संपतात. कुणी म्हणतं नाक म्हणजे नायक, कुणी म्हणतं नाग. तो वाद पंडितांनी घालावा. मला एवढं दिसतं, की गाव ज्यांना ‘या’ लावून हाक मारत होतं, त्यांची पुरी नावं पलटणीनं दगडात कोरली. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं जाऊन उभे राहिले ते उगाच नाही.

आता बाबासाहेबांच्या घरातच बघा. रमाईच्या वडलांचं नाव भिकू. रमाईला पाच लेकरं झाली. यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. त्यातले यशवंत तेवढे राहिले, चौघं गेली. लेकरं दगावत असतानाही त्या घरात कुणी दगडू आला नाही, उकिर्डा आला नाही. शेवटचा राजरत्न, तो १९२६ मध्ये गेला. भिकूच्या नातवाचं नाव राजरत्न! मरणाला भिऊन घाण पांघरायची चाल त्या घरानं मोडली. आपल्या नावांच्या क्रांतीची सुरुवात मी या पाळण्यापासून धरतो.

तरी प्रश्न फक्त बारशाचा नव्हता. आपलं नाव ठेवायचा हक्क कुणाचा, हा खरा प्रश्न. गांधीजींनी आपल्याला न विचारता ‘हरिजन’ म्हटलं. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात हा शब्द कायद्यात घालायची वेळ आली, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार सभात्याग करून बाहेर पडले. गोड असलं तरी दुसऱ्यानं चिकटवलेलं नाव आम्ही घेणार नाही, हा त्याचा अर्थ.

मग त्यांनी स्वतः नावं ठेवायला घेतली. मला यात मोठी गंमत वाटते. ही नावं माणसांच्या आधी विटांना मिळाली. दादरचं घर झालं राजगृह. १९४६ ला मुंबईचं कॉलेज निघालं ते सिद्धार्थ. औरंगाबादचं कॉलेज पुढं मिलिंद झालं आणि त्याचा परिसर नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा मिलिंद आणि उत्तर देणारा भिक्खू नागसेन, दोघं एका आवारात. १९५६ मध्ये ‘जनता’ पत्राचं ‘प्रबुद्ध भारत’ झालं. मग १४ ऑक्टोबर १९५६ उजाडला. महाराष्ट्राच्या मुलखात १९५१ च्या जनगणनेत बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ ला भरले २७ लाख ८९ हजार. बावीस प्रतिज्ञांतली आठवी सांगते, ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करून घेणार नाही. म्हणजे जोशीबुवाच्या पंचांगातून येणारं नावाचं अक्षरही बंद. एरवी तरी तो उंबऱ्याच्या आत कुठं येत होता? लांबूनच अक्षर फेकायचा.

त्रिसरण, पंचशील म्हणून पाळण्यात नाव ठेवायला लागलो आणि वस्त्या भरल्या. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, अशोक, मिलिंद, नागसेन. पोरी सुजाता, संघमित्रा, यशोधरा, गौतमी, विशाखा. आईबापांना सही येत नव्हती, पण सम्राट अशोकाची लेक कोण होती हे त्यांना माहीत झालं. इतिहासाचं पुस्तक परवडत नव्हतं, त्यांनी तो पाळण्यात घातला.

हा पालट बघायचा तर नामांतराच्या हुतात्म्यांची नावं वाचा. विधिमंडळानं २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटवला गेला. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना मारलं. पंधरा वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९९३ ला, नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. पोचिराम ते गौतम, एवढ्या दोन नावांत आपल्या दोन पिढ्या आहेत. एका नावासाठी माणसं मेली, घरं जळाली. आता सांगा, नावात काय ठेवलंय?

जुनी नावं पुसून टाका असं मात्र मी म्हणत नाही. दया पवारांचं मूळ नाव दगडू मारुती पवार. १९७८ ला आलेल्या ‘बलुतं’मध्ये त्यांनी दगडूला लपवलं नाही, त्यालाच बोलतं केलं. दगडू बोलला म्हणून महाराष्ट्राला खाली मान घालून ऐकावं लागलं.

आजची गोष्ट अवघड आहे. राहुल, सिद्धार्थ आता सगळ्याच जातींत आहेत. ठीक झालं, बुद्ध कुणाच्या मालकीचा नाही. पण मग शोध आडनावावर येतो. मी एका शहरात खोली बघायला गेलो. नाव ऐकून घरमालक हसला, चहा मागवला. आडनाव विचारलं, मग गाव विचारलं. चहा यायच्या आत खोली दुसऱ्याला दिलेली निघाली. त्यामुळं कुणी राजपत्रात जाहिरात देऊन आडनाव बदलतं, कुणी आडनाव लावतच नाही. कागदाचीही कटकट आहेच. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या १९९० ला, म्हणजे धर्मांतरानंतर चौतीस वर्षांनी. घरात बौद्ध आणि दाखल्यावर महार, असे दोन कागद सांभाळत आपण जगलो.

म्हणून जो पोराचं नाव आरव ठेवतो त्याला मी गद्दार म्हणणार नाही. फक्त विचारीन, बाबा, हौसेनं ठेवलंस की भिऊन? हौसेनं असेल तर लेकरू सुखी राहो. भिऊन असेल तर उकिरड्यावर पोर ठेवणाऱ्या आजीत आणि तुझ्यात फरक काय? तीही लेकराला लपवतच होती. ती सटवीपासून, तू घरमालकापासून.

आणि पोरींचं काय? सातारा जिल्ह्यात २०११ साली पावणेतीनशेवर मुलींची ‘नकुशी’ ही नावं बदलली. नकोशी, म्हणून नकुशी. हे कुण्या एका जातीचं पाप नाही. आपल्यातही सुजाता नाव ठेवायचं आणि लग्नात नवऱ्याच्या घरच्यांनी ते बदलायचं, असं चालतं. ज्यांना ‘हरिजन’ खपलं नाही त्यांना हे कसं खपतं?

शेवटी एक काम सांगतो. आपापल्या गावच्या शाळेत जा. हेडमास्तरांची परवानगी काढून जुनं जनरल रजिस्टर बघा. आपल्या वस्तीतल्या पोरांची नावं, बापांची नावं, दर दहा वर्षांची, वहीत उतरवा. आजीआजोबांना विचारा, हे नाव का पडलं, हाक कशी मारायचे. कचरू कधी संपला, पहिला सिद्धार्थ कोणत्या साली आला, पहिली संघमित्रा कुणाच्या घरी. हा आपला इतिहास आहे. दुसरं कुणी तो लिहिणार नाही आणि सांगणारी म्हातारी माणसं थोडी उरलीत. उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट बघू नका.

जयभीम.