ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर आलेली माणसं आठवड्याभरात दगावायची, याचं कारण डॉ. बायवॉटर्स यांनी शोधलं

1940-41 चा हिवाळा. लंडनवर जर्मन विमानं रात्रीमागून रात्री बॉम्ब टाकत होती. सकाळ झाली की पडलेल्या घरांखाली अडकलेल्यांना उपसून काढायचं, हे शहराचं नेहमीचं काम झालं होतं.

त्यातली काही माणसं डॉक्टरांना चक्रावून टाकत होती. पाय तासन् तास तुळईखाली दबलेला, पण माणूस शुद्धीवर, बोलतोय, मोठा रक्तस्त्राव नाही. सगळ्यांना वाटायचं, हा वाचला. काही तासांत पाय टम्म सुजायचा, रक्तदाब पडायचा. त्यातून सावरला तर लघवी कमी व्हायची आणि तिचा रंग गडद तपकिरी दिसायचा. मग साधारण आठवड्याभरात मृत्यू.

हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या एरिक बायवॉटर्स यांनी डेस्मंड बील यांच्यासोबत अशा चार रुग्णांची नोंद मार्च 1941 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापली. चौघेही दगावले होते. मार पायाला, मग किडनी का बंद पडते? शवविच्छेदनात किडनीच्या बारीक नळ्यांमध्ये तपकिरी गुठळ्या अडकलेल्या सापडल्या.

खरं तर सेइगो मिनामी या जपानी डॉक्टरने 1923 मध्ये जर्मनीत असंच काहीसं लिहून ठेवलं होतं, पण ते विस्मरणात गेलं. बायवॉटर्स नोंद करून थांबले नाहीत, हा फरक. स्नायूंना लाल रंग देणारं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन या रुग्णांच्या लघवीत असल्याचं त्यांनी सहकाऱ्यांसोबत त्याच वर्षी दाखवलं. पुढे सशांवर प्रयोग झाले. त्यातून कळलं की लघवी आम्लधर्मी असेल तर हे प्रथिन किडनीला जास्त बाधतं. म्हणूनच भरपूर पाणी आणि सोबत सोडा, म्हणजे अल्कली, देण्याचा विचार पुढे आला.

आता यातला सगळ्यात घातकी भाग. शरीरातलं बहुतेक पोटॅशियम पेशींच्या आत असतं आणि त्यातला मोठा वाटा स्नायूंमध्ये. रक्तात त्याचं प्रमाण साधारण 3.5 ते 5 मिलीमोल प्रति लिटर एवढंच लागतं. पाय दबलेला असतो तोवर चिरडलेल्या स्नायूंमधला माल तिथंच अडकून राहतो. वरची तुळई उचलली की रक्त पुन्हा वाहू लागतं आणि पोटॅशियम थेट हृदयाकडे निघतं. प्रमाण फार वाढलं तर हृदयाची लय बिघडून ते थांबू शकतं. जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकायचं काम किडनीचं, आणि इथं तीच बंद पडलेली. म्हणजे सुटकेचा क्षणच धोक्याचा.

(अशा रुग्णाला ताकद यावी म्हणून कुणी शहाळं घेऊन जाऊ नये. त्यात पोटॅशियम भरपूर असतं.)

त्यामुळे आज बचावपथकांना सांगितलं जातं की शक्य असेल तर माणूस ढिगाऱ्याखाली असतानाच त्याच्या शिरेतून सलाईन सुरू करा. तेही साधं मिठाचं. रिंगर लॅक्टेट नको, कारण त्यात थोडं का होईना पोटॅशियम असतं. 1982 मध्ये लेबनॉनमध्ये एक इमारत कोसळली, तेव्हा सात जणांना अगदी सुरुवातीपासून मोठ्या प्रमाणात सलाईन दिलं गेलं. सातपैकी एकाचीही किडनी बंद पडली नाही. उलट 1999 च्या तुर्कस्तानातल्या मारमारा भूकंपात किडनीचा त्रास झालेल्या 639 रुग्णांची नोंद झाली आणि त्यातल्या 477 जणांना डायलिसिस लागलं.

डायलिसिसशीही बायवॉटर्स यांचा संबंध आला. विलेम कोल्फ यांनी नेदरलँड्समध्ये बनवलेली कृत्रिम किडनी युद्धानंतर हॅमरस्मिथला आली, तेव्हा ती रुग्णांवर वापरून पाहणाऱ्यांत ते होते.

स्नायू फुटून किडनीवर येणारं हे संकट भूकंपापुरतं मर्यादित नाही. सवय नसताना जिममध्ये अंगावर येईल इतका व्यायाम केला, कडक उन्हात धाव घेतली, तरी ते होऊ शकतं. अंग प्रचंड दुखतंय आणि लघवी कोऱ्या चहासारखी होतेय, असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

बायवॉटर्स 2003 मध्ये, वयाच्या 92 व्या वर्षी गेले. गंमत म्हणजे ते किडनीचे डॉक्टर नव्हतेच. त्यांची पुढची सगळी कारकीर्द संधिवातावर गेली.