सहा आकडी कोडाचं कूळ

ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा आकडी कोड आपल्याला कुणी पाठवत नाही. विमानात, फोनचं नेटवर्क पूर्ण बंद असताना ॲप उघडून पाहा, दर तीस सेकंदांनी आकडा बदलतच असतो. तो फोनमध्येच तयार होतो आणि त्याच वेळी तिकडे सर्व्हरही स्वतंत्रपणे तेच गणित करून तोच आकडा काढतो. दोन्ही जुळले की लॉगिन होतं. क्लाउडवरच्या खात्यात शिरताना ‘कोड चुकीचा आहे’ असं उत्तर आलं की बरेच जण आधी इंटरनेट तपासतात आणि मग ॲप काढून पुन्हा टाकतात. पहिल्या उपायाचा उपयोग नसतो, दुसऱ्याने उरलीसुरली वाटही बंद होऊ शकते. हा कोड कोणत्या अडचणींतून जन्माला आला हे माहीत असेल, तर बिघाड कुठे शोधायचा हे पुष्कळदा आपोआप कळतं. त्याची बहुतेक दुखणी त्याला पूर्वजांकडून मिळालेली आहेत.

सुरुवात पासवर्डपासून करावी लागते. १९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने एकाच संगणकावर अनेकांना एका वेळी काम करता येईल अशी सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. प्रत्येकाच्या फायली आणि वापराचा वेळ वेगळा राहावा म्हणून तिच्यात पासवर्ड आला. पुढच्याच वर्षी ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेला वेळ पुरेना. त्याने पंचकार्डावरून पासवर्डची फाईलच छापायला सांगितली आणि संगणकाने ती छापून दिली. कायम टिकणारं गुपित एकदा दुसऱ्याच्या हाती गेलं की ते त्याचंही होतं, ही उणीव अशी पहिल्याच वर्षी उघडी पडली.

तिच्यावरचा सर्वांत देखणा उपाय मला लेस्ली लॅम्पोर्टचा वाटतो. १९८१ च्या एका छोट्या लेखात त्यांनी तो मांडला. एक गुपित घ्यायचं आणि ज्याचं उत्तर काढणं सोपं, पण उत्तरावरून मूळ ओळखणं अशक्यप्राय, अशा गणिती क्रियेतून ते समजा हजार वेळा न्यायचं. सर्व्हरकडे फक्त हजारावं उत्तर ठेवायचं. लॉगिन करताना माणसाने नऊशे नव्व्याण्णवावं द्यायचं. सर्व्हर त्यावर तीच क्रिया एकदा करतो, हजारावं उत्तर आलं की माणूस खरा, आणि आता नऊशे नव्व्याण्णवावं जपून ठेवतो. तारेवर कान लावून बसलेल्याला जे ऐकू आलं ते तेवढ्यात शिळं झालेलं असतं. शिवाय सर्व्हरची फाईल कुणी छापून घेतली, तरी तिच्यातून पुढचं काही काढता येत नाही.

बेलकोअर या अमेरिकी प्रयोगशाळेने यावरून एस-की ही प्रणाली बांधली. तिच्यात दर लॉगिनला सहा छोटे इंग्रजी शब्द टाइप करावे लागत. प्रवासाला निघालेले लोक असे पुढचे काही संच कागदावर छापून नेत आणि वापरलेल्या ओळीवर काट मारत. यादी संपली की नवी साखळी सुरू करायची. आज गूगल आपल्याला आठ आकडी दहा बॅकअप कोड देतं आणि ‘छापून ठेवा’ म्हणतं. वापराच्या दृष्टीने तो याच कागदाचा वारस आहे. प्रत्येक कोड एकदाच चालतो. एकदा वापरलेला कोड पुन्हा टाकून ‘चालत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. कागद पेनाने काटत जाण्याची जुनी सवय तिथे अजून उपयोगी आहे.

कागद बाळगण्याचा त्रासच नसलेली वाट केनेथ वाइस यांनी एस-कीच्याही आधी काढली होती. १९८४ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये सिक्युरिटी डायनॅमिक्स ही कंपनी काढली आणि सिक्युरआयडी नावाचं टोकन बाजारात आणलं. छोटासा पडदा, आत एक गुपित आणि एक घड्याळ. ठरावीक वेळाने, साधारणपणे मिनिटाला, पडद्यावर नवा आकडा येई. यादी नको, क्रम लक्षात ठेवायला नको, वेळ हाच क्रम. आपल्या तीस सेकंदांच्या कोडाचा खरा पूर्वज हा.

वेळेवर भिस्त ठेवली म्हणजे घड्याळाचे दोषही पदरी आले. क्वार्ट्झचं साधं घड्याळ दहा लाख सेकंदांत वीस सेकंद पुढे-मागे झालं, तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांचा आणि वर्षाला सुमारे दहा मिनिटांचा फरक पडतो. टोकनच्या पाठीमागे काटे फिरवायची किल्ली नव्हती. म्हणून सर्व्हरने प्रत्येक टोकनचा फरक नोंदवून ठेवायचा आणि तितका धरून गणित करायचं, अशी सोय करण्यात आली. फरक फारच वाढला असेल तर सर्व्हर म्हणे, आता याच्या पुढचा आकडाही द्या. लागोपाठचे दोन आकडे योगायोगाने बरोबर येणं जवळपास अशक्य. त्यामुळे ते कोणत्या मिनिटाचे आहेत हे शोधून सर्व्हर आपली नोंद दुरुस्त करी.

ही युक्ती आजही जशीच्या तशी आहे. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेच्या खात्यात ऑथेंटिकेटर जोडताना एकापाठोपाठ येणारे दोन कोड मागतात आणि पुढे कोड जुळेनासे झाले तर ‘रीसिंक’मध्ये पुन्हा दोनच मागतात. अनेकांना ही उगाचची अडवणूक वाटते. काही जण घाईत एकच कोड दोन्ही रकान्यांत भरतात आणि पुन्हा अडतात. पहिला कोड भरायचा, तो बदलेपर्यंत थांबायचं, मग दुसरा.

सिक्युरआयडीचं गणित कंपनीच्या मालकीचं होतं. ते सगळ्यांसाठी मोकळं करण्याचं काम पुढच्या पिढीने केलं. डिसेंबर २००५ मध्ये एचओटीपी हे मानक प्रसिद्ध झालं. त्यात वेळेऐवजी मोजणी होती, टोकनचं बटण दाबलं की मोजणी एकने पुढे. लहान मुलाच्या हाती टोकन गेलं आणि त्याने दहा-वीस वेळा बटण दाबलं, की टोकन पुढे आणि सर्व्हर मागे. सर्व्हर थोडं पुढपर्यंत शोधून पाहतो, त्यापलीकडे गेलं तर हार मानतो. मे २०११ मध्ये टीओटीपी आलं. त्यात मोजणीच्या जागी घड्याळ बसवलं. १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून सरलेले सेकंद घ्यायचे, त्यांना तीसने भागायचं आणि येणारी पूर्ण संख्या हीच मोजणी. ही संख्या आणि गुपित मिसळून वीस बाइटांचा एक गुंता तयार होतो. त्याच्या शेवटच्या चार बिटांवरून ठरतं की गुंत्यातल्या कोणत्या जागेपासून चार बाइट उचलायचे. त्यांतून बनलेल्या मोठ्या संख्येचे शेवटचे सहा आकडे म्हणजे आपला कोड.

खातं जोडताना आपण जो क्यूआर कोड स्कॅन करतो, त्यात ते गुपित असतं. त्या एका क्षणानंतर कोड काढण्यासाठी फोन आणि सर्व्हर एकमेकांशी बोलत नाहीत. आता बिघाड पाहा. पुण्याहून दुबईला गेलेला माणूस टाइम झोन न बदलता हाताने घड्याळ दीड तास मागे लावतो. पडद्यावर वेळ बरोबर दिसते, पण फोन अजून स्वतःला भारतातच समजतो, म्हणून १९७० पासूनच्या त्याच्या सेकंदांत ५४०० कमी पडतात. कोड १८० पायऱ्या मागे. सर्व्हर फार तर एखाददुसरी पायरी चालवून घेतो. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ केली की काम होतं. नुसता टाइम झोन बदलल्याने मात्र काही बिघडत नाही, कारण ती मोजणी जगभर एकच असते.

घड्याळ बरोबर असूनही कोड जुळत नसेल तर गुपिताकडे वळावं. खातं पुन्हा जोडलं की नवं गुपित मिळतं, पण ॲपमध्ये जुनी नोंद तशीच राहते. एकाच नावाच्या दोन ओळी, दोन्हींवर सहा आकडे, दोन्ही तितक्याच उत्साहाने बदलणारे. जुनी ओळ ओळखून काढायची, पण नवीने एकदा लॉगिन झाल्यावरच. आणखी एक कारण मानकातच आहे. एकदा स्वीकारलेला कोड सर्व्हरने पुन्हा स्वीकारू नये असा नियम आहे. दोन खिडक्यांत एकाच कोडाने शिरू पाहणाऱ्याला म्हणून दुसरीकडे नकार मिळतो. तीस सेकंद थांबणं एवढंच औषध. नवा फोन घेणाऱ्यांचा त्रास सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा. गुपित जुन्या फोनमध्येच राहिलं आणि फोन दुकानात दिला, तर ॲप पुन्हा टाकून ते परत येत नाही. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये दुसऱ्या फोनवर खाती नेण्याची सोय २०२० मध्ये आली आणि गूगल खात्यात साठवण्याची २०२३ मध्ये. त्याआधी सगळा भार बॅकअप कोडांवर किंवा ऑफिसच्या ॲडमिनवर असे.

या घराण्याला लॅम्पोर्टकडून एक गोष्ट वारशाने मिळाली नाही. त्यांच्या साखळीत सर्व्हरकडे कामाचं काही नसतं, इथे मात्र दोन्हीकडे तेच गुपित. मार्च २०११ मध्ये आरएसए कंपनीने आपल्यावर घाला पडल्याचं जाहीर केलं. सिक्युरआयडी तोवर तिचं झालं होतं. नोकरभरतीच्या नावाने आलेल्या ईमेलमधली एक्सेल फाईल उघडली गेली आणि टोकनांची माहिती चोरीला गेली. काही आठवड्यांत लॉकहीड मार्टिन या संरक्षण कंपनीवर हल्ला झाला. अखेर आरएसएला ग्राहकांना टोकनं बदलून द्यायची तयारी दाखवावी लागली.

भारतात कोडाची ओळख झाली ती दुसऱ्या शाखेतून, एसएमएसमधून. कार्ड समोर नसताना होणाऱ्या ऑनलाइन व्यवहाराला आणखी एक पडताळणी हवी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑगस्ट २००९ पासून लागू झाला आणि काही वर्षांत ओटीपी हा शब्द आजी-आजोबांच्याही तोंडी बसला. इथे मात्र कोड खरोखरच पाठवलेला असतो, आणि वाटेत जे जे असतं ते अडवू शकतं. ८ मार्च २०२१ रोजी दूरसंचार कंपन्यांनी व्यावसायिक एसएमएसची नोंदणीकृत मजकुराशी पडताळणी सुरू केली आणि देशभर ओटीपी अडकले. दुसऱ्या दिवशी ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने ती पडताळणी सात दिवस थांबवली. परदेशी राहणारी मराठी माणसं भारतातलं सिम केवळ ओटीपीसाठी रिचार्ज करून जिवंत ठेवतात. ते बंद पडलं की बँकेचं खातंही हातचं जातं. ज्या क्लाउड खात्यात ॲपचा पर्याय आहे तिथे एसएमएसवर विसंबू नये असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेनेही २०१७ मध्ये या मार्गाला मर्यादित वापराच्या यादीत टाकलं.

कधी दोष आपल्याकडे नसतोच. १९ नोव्हेंबर २०१८, सोमवार. भारतात सकाळचे दहा वाजून गेले होते, ऑफिसं भरत होती, तेव्हा मायक्रोसॉफ्टची दुहेरी पडताळणी बसली आणि सुमारे चौदा तास अडखळत राहिली. घड्याळं बरोबर, गुपितं जागेवर, तरी दुरुस्ती करणारे ॲडमिन स्वतःच बाहेर. अशा वेळी फोन रीसेट करत बसण्याआधी सेवेचं स्थिती-पान पाहायचं असतं. आणीबाणीसाठी निदान दोन वेगळी ॲडमिन खाती राखून ठेवावीत, असं मायक्रोसॉफ्ट सांगतं. पूर्वी अशा खात्याला दुहेरी पडताळणीतून वगळत. आता ते चालत नाही. त्याला वेगळी हार्डवेअर किल्ली किंवा प्रमाणपत्र जोडून ती वस्तू तिजोरीत ठेवायची असते.

त्या किल्लीचं कूळ निराळं. ती ज्यावर चालते ते वेबऑथन मार्च २०१९ मध्ये वेबचं अधिकृत मानक झालं आणि पासवर्डऐवजी वापरायची पासकीही त्याच्यावरच उभी आहे. तिच्यात गुपित आपल्याकडेच राहतं, सर्व्हरकडे फक्त ते पडताळण्याची जुळी चावी. त्यामुळे सर्व्हरची फाईल छापून घेऊन काही साधत नाही. चाळीस वर्षांपूर्वी लॅम्पोर्टने जे साधलं होतं ते इथे वेगळ्या गणिताने परत आलं. घड्याळ नाही, म्हणून ते चुकणंही नाही. खोट्या संकेतस्थळावर ती चालतच नाही, कारण ती पत्त्याला बांधलेली असते. वस्तू हरवण्याचं दुखणं मात्र तिलाही आहे. म्हणून पासकी आणल्यावरही गूगलने आणि गिटहबने छापून ठेवायचे कोड काढून टाकलेले नाहीत.