पटकथेच्या वर्गाला कोणते पुस्तक लावावे?

हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. १९१५ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात व्हिक्टर फ्रीबर्ग चित्रपटलेखनाचा वर्ग घेऊ लागले, तेव्हा बाजारात पुस्तकांची उणीव मुळीच नव्हती. त्या सुकाळाचे कारण समजून घेण्यासाठी या धाग्यात आधी एका खटल्याकडे वळावे लागेल.

१९०७ साली कालेम कंपनीने ल्यू वॉलेस यांच्या ‘बेन-हर’ या कादंबरीवर परवानगीवाचून एक छोटा मूकपट काढला. प्रकाशक हार्पर ब्रदर्स न्यायालयात गेले. १९११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीविरुद्ध निकाल दिला. तोवर गाजलेल्या कादंबऱ्या नि नाटके बिनदिक्कत उचलली जात. आता स्वतंत्र कथा विकत घेणे सोयीचे ठरू लागले. कंपन्यांनी प्रेक्षकांकडूनच कथा मागवल्या आणि हौशी लेखकांची झुंबड उडाली. मार्गदर्शक पुस्तकांचे व टपालाने चालणाऱ्या शिकवण्यांचे पेवच फुटले.

त्यांतले एपिस विन्थ्रॉप सार्जंट यांचे पुस्तक मला प्रामाणिक वाटते. ‘मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड’ या व्यवसायपत्रात सदर लिहिणारा हा माणूस कामाचे तेवढे सांगतो : दृश्ये कशी मांडावीत, पडद्यावरच्या मजकुराच्या पाट्या किती असाव्यात. इतर अनेकांचा रोख मात्र एकच, कथा विकली कशी जाईल.

फ्रीबर्ग यांनी १९१८ साली ‘द आर्ट ऑफ फोटोप्ले मेकिंग’ लिहिले, त्यात विक्रीचा प्रश्न जवळजवळ बाजूला पडतो. प्रेक्षकाचे मन कसे चालते, स्थिर चित्राची रचना कशी, हलत्या चित्राची कशी, यांवर त्यांचा भर आहे. लेखकाने शब्दांआधी चित्रांत विचार करावा, हा त्यांचा आग्रह. पुढे तो वर्ग फ्रान्सिस टेलर पॅटरसन यांच्याकडे आला; त्यांनीही १९२० साली ‘सिनेमा क्राफ्ट्समनशिप’ हे स्वतःचे पुस्तक काढले. भरल्या बाजारात दोन्ही शिक्षकांना आपापले पुस्तक लिहावेसे वाटले, हे पुरेसे बोलके आहे.

एव्हाना स्टुडिओंनी पगारी लेखक नेमले होते आणि बाहेरच्या कथांना दारे बंद होत चालली होती. टपालशिकवण्या तरीही शुल्क घेऊन आशा विकतच राहिल्या. १९२७ नंतर बोलपट स्थिरावले, तशी पाट्यांवरची प्रकरणे निरुपयोगी झाली. फ्रीबर्ग यांची चित्ररचनेवरील प्रकरणे मात्र मी आजही वर्गाला लावेन.