दारातून परत फिरलेली आई

संकटात सापडलेल्या माणसाला शहाणपणाच्या चार गोष्टी सांगितल्या, म्हणजे आपण त्याला मदत केली, अशी आपणा सर्वांची प्रामाणिक समजूत असते. आपल्याकडे कोणाच्या घरी समाचाराला गेलेला मनुष्यदेखील काही ना काही सुचविल्यावाचून उठत नाही. परंतु ही समजूत केवळ सामान्य माणसांची होती असे नव्हे. दुसऱ्याचे मन सावरणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्या विद्वानांचीही ती होती. ती कशी ढळली, याची हकीकत आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

१९२८ साली कार्ल रॉजर्स नावाचे सव्वीस वर्षांचे गृहस्थ अमेरिकेतील रॉचेस्टर शहरी नोकरीस लागले. मुलांचा छळ थांबविण्यासाठी चालविलेल्या एका संस्थेच्या बाल-अध्ययन विभागात मानसशास्त्रज्ञाची ही जागा होती, आणि वेतन होते वर्षाला २,९०० डॉलर. धर्मोपदेशक व्हावे म्हणून ते आधी न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दाखल झाले होते. पण दोन वर्षांनी ती वाट सोडून मानसशास्त्राकडे वळले होते. रॉचेस्टरला त्यांच्यापुढे येत ती न्यायालयाने वा समाजसंस्थांनी पाठविलेली, घरादाराला नकोशी झालेली मुले आणि त्यांचे त्रासलेले आईबाप. या कामात त्यांची बारा वर्षे गेली.

त्या काळच्या या शास्त्राची रीत वैद्याच्या रीतीसारखीच होती. तज्ज्ञाने प्रश्न विचारावयाचे, माहिती गोळा करावयाची, दोष हुडकावयाचा आणि तो समोरच्याला पटवून द्यावयाचा. रॉजर्सही याच तालमीत तयार झालेले होते. विल्यम हीली हे बालगुन्हेगारीवरील त्या वेळचे मोठे अधिकारी. मुलाच्या गुन्ह्यामागे बहुधा लैंगिक स्वरूपाचे मानसिक द्वंद्व असते आणि ते उघडकीस आणले की गुन्हा थांबतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. रॉजर्स यांच्याकडे आगी लावण्याचा नाद असलेला एक मुलगा आला. दिवसामागून दिवस त्याच्याशी बोलून त्यांनी हीलींच्या सिद्धांताबरहुकूम मूळ कारण शोधून काढले. उलगडा अगदी नमुनेदार झाला! मुलाला देखरेखीच्या अटीवर सोडण्यात आले; आणि त्याने पुन्हा आग लावली. अधिकारी पुरुषही चुकू शकतात, हे रॉजर्स यांना तेव्हा प्रथम जाणवले.

दुसरा प्रसंग याहून बारीक, पण माझ्या मते अधिक बोलका आहे. एका पालकाची मुलाखत जवळजवळ शब्दशः छापलेली त्यांनी वाचली होती. मुलाखत घेणारी कार्यकर्ती मोठी चाणाक्ष; तिने पाहता पाहता नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले होते. मुलाखतीचा आदर्श म्हणून रॉजर्स यांनी ती आपल्या अभ्यासवर्गात वापरली. काही वर्षांनी तोच मजकूर त्यांनी पुन्हा शोधून वाचला, आणि त्यांना धक्काच बसला. ही तर वकिली उलटतपासणी होती! आरोपीला कोंडीत पकडून गुन्हा कबूल करवून घ्यावा, तसे त्या आईकडून तिचे अपराध वदवून घेतलेले होते. मजकुरातील एक अक्षरही बदललेले नव्हते, बदलला होता तो वाचणारा.

आणि मग ती आई आली. तिचा मुलगा भलताच दांडगट. मुलाच्या लहानपणी आईने मनातून त्याचा अव्हेर केला, हे मूळ कारण रॉजर्स यांना स्पष्ट दिसत होते. ते तिला दिसावे म्हणून त्यांनी अनेक भेटींत, अतिशय सौम्यपणे, तिच्याच बोलण्यातले धागे जुळवून दाखविले. व्यर्थ. अखेर त्यांनी हार पत्करली. आपण दोघांनीही प्रयत्न केला, यश आले नाही, आता थांबावे, असे त्यांनी म्हटले आणि तिनेही ते मान्य केले. हस्तांदोलन झाले. ती दारापर्यंत गेली आणि वळून तिने विचारले, येथे मोठ्या माणसांनाही मदत करतात काय? करतो, असे उत्तर मिळताच, मग मला मदत हवी आहे, असे म्हणून ती नुकत्याच सोडलेल्या खुर्चीवर येऊन बसली. संसारातील निराशा, पतीशी बिघडलेले संबंध, आपण सर्वत्र अपयशी ठरलो ही जाणीव, सारे तिने ओतून टाकले. इतके दिवस कागदावर उतरलेल्या कोरड्या वृत्तांतात यातले काहीच नव्हते. रॉजर्स यांनी या वेळी वाट दाखविली नाही. ती जेथे गेली तेथे ते तिच्या मागोमाग गेले. ही भेट पुढे सर्वार्थाने यशस्वी ठरली.

ज्याचे जळते त्यालाच कळते, असे आपण म्हणतो; परंतु म्हणून पुन्हा सल्ला द्यावयास मोकळेच! कोठे दुखते आणि कोठून बोलावयास आरंभ करावयाचा, हे त्या माणसालाच ठाऊक असते, हा बोध रॉजर्स यांनी मात्र पद्धतीच्या पायाशी घातला. ११ डिसेंबर १९४० रोजी मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी तो जाहीरपणे मांडला, तेव्हा स्तुती आणि टीका यांचा एवढा गदारोळ उठला की ते स्वतःच चकित झाले. १९४२ च्या त्यांच्या ग्रंथात ‘हर्बर्ट ब्रायन’ हे टोपणनाव दिलेल्या एका माणसाच्या आठही भेटींचे संभाषण शब्दशः छापलेले आहे. ओहायोला विद्यार्थ्यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण होत असे ते तबकड्यांवर. एका बाजूवर काही मिनिटांचेच बोलणे मावे आणि तबकडी सारखी बदलावी लागे. पण त्यामुळे बंद दाराआडचा हा व्यवहार प्रथमच जसाच्या तसा बाहेर आला, आणि आपण किती बोलतो व किती थोडे ऐकतो, हे मदत करणाऱ्यांना स्वतःच्या कानांनी ऐकावे लागले.

‘रोगी’ हा शब्द रॉजर्स यांनी टाकला आणि ‘क्लाएंट’ हा घेतला. मराठीत त्याला अशील म्हणावे, तर वकिलाची कचेरी आठवते. पण मुद्दा असा की, अशील आपले काम दुसऱ्यावर सोपवतो, तरी त्यावरचा हक्क सोडीत नाही. १९५७ च्या निबंधात त्यांनी मदतीच्या नात्याच्या अटी सांगितल्या. त्यांपैकी मदत करणाऱ्याकडे तीन येतात. आत एक आणि बाहेर एक असे त्याने वागू नये. समोरचा कसाही असो, त्याला अटी न घालता आपला मानावा. आणि त्याचे जग त्याच्या डोळ्यांनी पाहावे, तरीही ते आपले नव्हे याचे भान ठेवावे. आपल्याला कळले ते बरोबर आहे ना, हे त्यालाच विचारून पडताळावयाचे असते.

या शेवटच्या गोष्टीचे विडंबन फार झाले. अशिलाचे अखेरचे शब्द पोपटासारखे म्हणून दाखवावेत, एवढीच काय ती विद्या, असे टीकाकार म्हणू लागले; आणि काही शिष्यांनी खरोखरच तसे केले. याचा रॉजर्स यांना इतका उबग आला की सहानुभूतीने ऐकण्याविषयी कित्येक वर्षे त्यांनी फारसे बोलणेच टाळले. आपल्या भाषेने तर आणखी एक गंमत केली आहे. या विद्येला आपण शब्द योजला तो समुपदेशन! जो उपदेश खोलीबाहेर ठेवून आत यावयाचे, तोच नावात ठाण मांडून बसला आहे.

रॉजर्स १९८७ साली वारले. रॉचेस्टरचे हे तिन्ही प्रसंग त्यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात स्वतःच सांगितले आहेत, आणि दोष कोठेही झाकलेला नाही. हीलींचे नाव तेथे आहे. दारातून परत फिरलेल्या त्या आईचे नाव नाही.