दिवाबत्तीचा हिशेब व वऱ्हाडांतील मोठ्या इमारती

देवस्थानांच्या सनदांतील 'दिवाबत्ती' हा शब्द वाचकांच्या नित्य परिचयाचा आहे. नंदादीपाकरितां जमीन इनाम देण्याची चाल देशभर होती. शिलालेखांतही तेलाची तरतूद कोरलेली आढळते. अशा लेखांत आपण दात्याचें नांव, शक व तिथि शोधतों, तेलाचें माप मात्र सोडून देतों. आमच्या मतें तें मापही वाचण्याजोगें आहे. कारण मोठी इमारत उजळण्यासाठीं काय जळतें, हा प्रश्न सरकार आतां पुन्हां विचारूं लागलें आहे.

ऊर्जा संवर्धनाचा अधिनियम २००१ सालचा. त्याखालीं इमारतींची संहिता २००७ सालीं निघाली, २०१७ सालीं ती सुधारली, आणि २०२२ च्या दुरुस्तीनें कर्बाच्या हिशेबास कायद्यांत स्थान मिळालें. १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी असलेल्या इमारती तींत येतात. परंतु ही संहिता मुख्यतः नव्या बांधकामास लागू आहे. न्यूयॉर्क शहरानें २०१९ सालीं केलेला कायदा २५,००० चौरस फुटांवरील जुन्या इमारतींनाही बांधतो, व त्याच्या मर्यादा २०२४ पासून सुरू झाल्या. तोच मार्ग पुढेंमागें इकडेही येईल, असें धरून चालणें शहाणपणाचें.

बुलढाणें जिल्ह्याच्या पूर्वेस अकोला जिल्ह्यांत पारस व पश्चिमेस भुसावळजवळ दीपनगर, हीं दोन्ही वीजकेंद्रें कोळशावर चालतात. देशाच्या एकंदर विजेची सरासरी धरिली तर एका युनिटामागें सुमारें सात दशांश किलो कर्बवायु हवेंत जातो. एखाद्या कचेरींत चोकसह ५० वॅट घेणाऱ्या २०० जुन्या नळ्या आहेत असें समजूं. त्या जागीं २० वॅटच्या एलईडी नळ्या बसविल्या व त्या वर्षांतून ३०० दिवस, रोज आठ तास जळल्या, तर १४,४०० युनिटें वांचतात. म्हणजे सुमारें दहा टन कर्बवायु. शक्तिगुणक सुधारणारे कपॅसिटर बसविल्यानें तारांतील प्रवाह उतरतो, आणि तारांतील नाश प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतो. अर्ध्या प्रवाहास चतुर्थांश नाश, इतकें गणित पुरे.

मात्र सिंदखेड राजा येथील लखुजी जाधवरावांचा वाडा पाहिलेल्यास निराळाच विचार सुचतो. जाड भिंत दिवसाची उष्णता सावकाश घेते व रात्रीं सोडते. तळघर तर उन्हाळ्यांतही थंड राहतें. अशा वास्तूंत वातानुकूलनाचें यंत्र आणणाराने आधीं भिंत काय करिते तें मोजावें. नव्या सिमेंटी इमारतीच्या मापानें जुन्या वाड्याचा भार ठरविणें हा आम्हांस अडाणीपणा वाटतो, मग तो कितीही अधिकृत शिक्क्याचा असो.

हस्तलिखितें बाळगणारांस या बदलाचा लाभ विशेष आहे. प्रकाशाची हानि सांचत जाते, भरून येत नाहीं. म्हणून पोथी मांडतांना ५० लक्सहून अधिक उजेड पाडूं नये असा संग्रहालयांचा दंडक आहे. चांगल्या एलईडी दिव्यांत जंबुपार किरण जवळजवळ नसतात, जुन्या नळ्यांत कांहीं असतात. कापडी वेष्टणाच्या जीर्ण तारांपासून आगीचें भय तर उघडच आहे. पोथ्यांच्या खोलींत तेलाच्या दिव्यास मज्जाव करणारे संग्राहक लाकडी पट्टीवरील कुजकी तार कशी चालूं देतात, हें आम्हांस कळत नाहीं!

तेव्हां नवी तारजोडणी अवश्य व्हावी. पण चुन्याची भिंत छिन्नीनें फोडून नव्हे. भिंतीवरून उघडी नळी नेली तर शोभा थोडी जाईल, गिलाव्याखालील लेख किंवा चित्र मात्र राहील. तसेंच जुनीं काढलेलीं चिनी मातीचीं बटनें, मंजूर भाराचे कागद व पहिलीं वीजबिलें भंगारांत जाऊं नयेत. कोणत्या वर्षीं कोणत्या दालनांत किती दिवे होते, याचा तोच अस्सल पुरावा आहे. चिखली, मेहकर, खामगांव येथें ज्यांच्या वाड्यांत असें काम निघेल त्यांनीं दालनवार टिपण करावें व त्याची एक प्रत दप्तरांत सनदांशेजारीं ठेवावी.