बोटावरचा आकडा आणि त्यामागचा माणूस

करोनाच्या काळात आपल्या घराघरांत एक नवा शब्द शिरला : ऑक्सिजन लेव्हल. आयुष्यात कधी ईसीजी न काढलेली माणसंही फोनवर पहिला प्रश्न विचारायची, "९४ च्या खाली तर नाही ना गेलं?" आज तेच मोजमाप मनगटावरच्या घड्याळात आलंय. पावलं, झोप, ठोके, ऑक्सिजन, सगळं दिवसभर आपोआप मोजलं जातंय. "आता आरोग्य तुमच्या हातात" अशा जाहिराती आहेत. म्हणून बोटाला लावायच्या त्या चिमट्याचा, म्हणजे पल्स ऑक्सिमीटरचा इतिहास एकदा नीट बघू. थोडं लांबलंय, पण वाचा.

सुरुवात युद्धातून झाली. दुसऱ्या महायुद्धात विमानं इतक्या उंचीवर जायला लागली की प्राणवायू कमी पडून वैमानिक बेशुद्ध व्हायचे. ग्लेन मिलिकन या शास्त्रज्ञाने कानाच्या पाळीतून प्रकाश टाकून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र बनवलं. 'ऑक्सिमीटर' हे नाव त्याच काळातलं. तत्त्व सोपं होतं. ऑक्सिजन असलेलं रक्त लालभडक दिसतं, नसलेलं काळपट, म्हणजे दोन्ही प्रकाश वेगवेगळा शोषतात. अडचण अशी की प्रकाश नुसतं रक्त शोषत नाही. कातडी, मांस, सगळंच शोषतं. त्यामुळे प्रत्येक माणसाला यंत्र नव्याने जुळवून घ्यावं लागायचं.

हा गुंता सोडवला जपानच्या ताकुओ आओयागी या इंजिनिअरने. निहोन कोहदेन या कंपनीत तो भलत्याच कामावर होता. रक्तात रंगद्रव्य सोडून हृदय किती रक्त फेकतं ते त्याला कानावरून मोजायचं होतं. पण नाडीच्या प्रत्येक ठोक्याला आलेख वरखाली व्हायचा आणि मोजमाप बिघडायचं. हा व्यत्यय घालवता घालवता त्याच्या लक्षात आलं की ठोक्याबरोबर बदलतं ते फक्त धमनीतलं रक्त. कातडी आणि मांस जागच्या जागीच असतात. मग दोन प्रकारच्या प्रकाशातला फक्त हा ठोक्याचा भाग घेऊन गुणोत्तर काढलं की धमनीतला ऑक्सिजन कळणार! १९७४ मध्ये त्याने हे मांडलं. त्याच्या कंपनीने एक यंत्र बाजारात आणलं आणि पुढे विषय सोडून दिला.

१९८० च्या दशकात अमेरिकन कंपन्यांनी ते उचललं आणि यंत्र ऑपरेशन थिएटरमध्ये पोचलं. ऑक्सिजन घसरला की 'बीप'चा सूर खाली जाणार, अशी सोय आली. भूलतज्ज्ञाला मान वर करून बघायचीही गरज उरली नाही. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित शस्त्रक्रियेच्या यादीत ऑक्सिमीटर आला. गरीब देशांतल्या थिएटरांपर्यंत तो पोचावा म्हणून २०११ मध्ये 'लाइफबॉक्स' ही संस्था उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी एक डॉ. अतुल गवांदे, ज्यांच्या वडिलांचं मूळ गाव आपल्या विदर्भातलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. थिएटरमध्ये आकडा घसरला की दोन पावलांवर डॉक्टर असतो आणि त्याच्या हाताशी ऑक्सिजनची नळी. यंत्राने जीव वाचवले ते या जोडीमुळे.

ही जोडी थिएटरबाहेर, अगदी खेड्यात जमवता येते का? येते, आणि त्याचं उदाहरण आपल्याच गडचिरोलीत आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बालमृत्यूंचा प्रश्न हाती घेतला. लहान मुलं न्यूमोनियाने दगावत होती. न्यूमोनिया ओळखायची साधी खूण म्हणजे मिनिटाला श्वास किती, पण ज्या दाईला दहाच्या पुढे मोजता येत नाही तिने काय करायचं? त्यांनी एक साधन बनवलं : एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, दुसरी मोठ्या मुलासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया. ना बॅटरी, ना स्क्रीन.

खरी गोष्ट पुढे आहे. श्वास मोजणाऱ्याच माणसाच्या हातात औषधही दिलेलं होतं. गावातले आरोग्यसेवक आणि दाया स्वतः को-ट्रायमोक्सॅझोल द्यायच्या. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्या गावांत हे काम चाललं तिथे पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनियाचा मृत्युदर हजारी ८.१ होता, बाकीच्या गावांत १७.५. म्हणजे निम्म्याहून कमी!

आता या फूटपट्टीने करोनाचा काळ बघा. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. आशाताई आणि स्वयंसेवक ऑक्सिमीटर, थर्मामीटर घेऊन दारोदार फिरले. काम मोलाचं होतं, कारण करोनात धाप न लागताही ऑक्सिजन खाली जायचा आणि तो फक्त यंत्रालाच कळायचा. पण आकडा ८८ आला तर आशाताईच्या पिशवीत पुढे काय होतं? ना ऑक्सिजन, ना बेड मिळवून द्यायचा अधिकार. एप्रिल २०२१ मध्ये घरोघरी आकडे माहीत होते आणि लोक बेडसाठी वणवण करत होते. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीच्या गळतीने पुरवठा तुटला आणि २० हून अधिक रुग्ण गेले. आणि त्याच आशाताईंना जून २०२१ मध्ये मानधनासाठी संपावर जावं लागलं.

आता दुसरी बाजू, आकडाच चुकीचा असला तर? डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने खळबळ उडवली. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत ऑक्सिजन ८८ च्या खाली निघाला, असं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं आणि कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के. कारण त्वचेतलं रंगद्रव्यही प्रकाश शोषतं. तोवर अमेरिकेच्या एफडीएची अपेक्षा किती होती? किमान दहा निरोगी माणसांवर चाचणी, त्यात गडद वर्णाचे किमान दोन किंवा १५ टक्के, जे जास्त असेल ते. जानेवारी २०२५ च्या नव्या मसुद्यात ही संख्या किमान १५० वर नेली आहे. गव्हाळपासून काळ्याभोर रंगापर्यंतची माणसं असलेल्या आपल्या देशात हा प्रश्न किती जणांनी विचारला?

आणि आता घड्याळ. इथे आकडा अगदी एकटा पडलाय. शेजारी ना भूलतज्ज्ञ, ना दाई, ना आशाताई. "हे वैद्यकीय वापरासाठी नाही" असं बारीक अक्षरात लिहिलं की कंपनी मोकळी. आकडा घसरला तर बघायचं तुमचं तुम्ही. मात्र तुमच्या झोपेची आणि ठोक्यांची नोंद तिच्याकडे जमा होतच राहते.

यंत्राला विरोध नाही. आओयागी एप्रिल २०२० मध्ये गेले, नेमकं जग त्यांचं यंत्र शोधत फिरत होतं तेव्हा. त्यांचे उपकार मोठेच आहेत. पण उद्या आपल्या जिल्ह्यात आरोग्याचं 'स्मार्ट' काही आलं, फीत कापली गेली, फोटो निघाले, तर तीन प्रश्न नक्की विचारा. हे कोणत्या माणसांवर तपासलंय? आकडा बिघडला की येणार कोण? आणि त्याच्या हातात काय असेल?

तुमच्या गावातल्या उपकेंद्रात आज आकडा ८८ आला तर पुढे काय होतं? माहीत असेल त्यांनी कमेंटमध्ये जरूर लिहा.