यंत्रासाठी लिपी की लिपीसाठी यंत्र?

मी घरी दखनी बोलतो, मराठीत लिहितो आणि उर्दू वाचतो. त्यामुळे लिपीचा विषय निघाला की माझे कान टवकारतात. 'यंत्राला झेपत नाही, तेव्हा लिपीच बदला' हा सल्ला अनेक समाजांना मिळाला आहे. जपानला तो कित्येक दशके मिळत राहिला. शेवटी त्यांनी काय केले, हे आपण सर्वांनीच समजून घ्यायला हवे.

जपानी लेखनात तीन लिप्या एकत्र नांदतात. हिरागाना आणि काताकाना या ध्वनीच्या लिप्या असून प्रत्येकीत ४६ मूळ अक्षरे आहेत. तिसरी कांजी, म्हणजे चीनमधून आलेली हजारो चिन्हे. १८६६ मध्ये माएजिमा हिसोका यांनी थेट शोगुनला अर्ज करून कांजी बंद करण्याची मागणी केली. चिन्हे घोकण्यातच मुलांची वर्षे वाया जातात, असे त्यांचे म्हणणे होते. हेच गृहस्थ पुढे जपानच्या आधुनिक टपालखात्याचे जनक ठरले. म्हणजे मागणी करणारा कुणी भाषेचा वैरी नव्हता.

टाइपरायटर आल्यावर या मागणीला आणखी जोर चढला. १९१५ मध्ये सुगिमोतो क्योता यांनी जपानी टाइपरायटर बनवला. त्याला आपल्या ओळखीचा कीबोर्ड नव्हता. एका ताटात सुमारे २,४०० खिळे मांडलेले असत. हवा तो खिळा शोधायचा, दांडा त्याच्यावर आणायचा आणि दाबायचा. कोणते चिन्ह कुठे आहे हे पाठ असलेल्या माणसालाच हे काम जमे. त्यामुळे बहुतेक मजकूर हातानेच लिहिला जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, सरकारने रोजच्या वापरासाठी १,८५० कांजींची मर्यादा घातली. पुढे त्या हळूहळू संपतील, अशी अनेकांची अपेक्षा होती.

मग १९७८ साल उजाडले. तोशिबा कंपनीत मोरी केनइची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेडब्ल्यू-१० हा जपानी वर्ड प्रोसेसर तयार केला. टेबलाएवढे यंत्र, वजन २२० किलो, किंमत ६३ लाख येन! पण त्यामागची कल्पना साधी होती. माणसाने कांजी शोधायचीच नाही. त्याने शब्दाचा उच्चार टाइप करावा आणि योग्य कांजी यंत्राने निवडावी.

ऐकायला सोपे वाटते, पण अडचण उच्चारांतच होती. 'किशा' म्हणजे बातमीदार, आगगाडी, आपली कंपनी आणि कंपनीत परतणेही. उच्चार एक, कांजी वेगवेगळ्या. त्यात जपानीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. 'इथे जोडे काढा' आणि 'इथे कपडे काढा' ही दोन वाक्ये नुसत्या हिरागानात लिहिली तर अक्षरशः सारखीच दिसू शकतात. वाक्य कुठे तोडायचे एवढाच फरक. म्हणून यंत्राला शब्दकोश द्यावा लागला, व्याकरण शिकवावे लागले आणि वापरणाऱ्याने आधी कोणता शब्द निवडला होता हे लक्षात ठेवायला लावावे लागले. त्याच वर्षी जपानी मानकाने ६,३४९ कांजींना संगणकासाठी क्रमांक दिले.

ग्रंथ आणि शोधनिबंध छापणाऱ्यांची अडचण वेगळी होती. अमेरिकेत डोनाल्ड क्नूथ यांनी बनवलेली 'टेक' ही प्रणाली गणिताची पाने सुरेख मांडत असे, पण तिच्या एका फाँटमध्ये जास्तीत जास्त २५६ अक्षरे मावत. जपानच्या अॅस्की कंपनीने यातून युक्ती काढली. बहुतेक कांजी एकाच मापाच्या चौकटीत बसतात, मग प्रत्येकीची रुंदी वेगळी कशाला नोंदवायची? मापानुसार गट पाडले आणि १९८७ मध्ये जपानी टेक तयार झाले. ओळीच्या सुरुवातीला पूर्णविराम येऊ नये, यांसारखे जपानी छपाईचे जुने संकेतही त्यात सांभाळले. १९९० पर्यंत त्यात वरून खाली उभ्या ओळीही लिहिता येऊ लागल्या.

याची किंमत मोजावी लागली नाही असे नाही. कांजी वाचता येते, पण हाताने लिहायला गेले की आठवत नाही, ही तक्रार जपानमध्ये सर्रास ऐकू येते. मात्र जी लिपी संपणार असे म्हटले जात होते, तिच्या रोजच्या कांजींची यादी १९८१ मध्ये १,९४५ वर आणि २०१० मध्ये २,१३६ वर गेली. २०१० मध्ये घेतलेल्या चिन्हांत उदासी दाखवणारे २९ रेघांचे एक चिन्हही आहे. हाताने काढताना घाम फुटेल, पण टाइप करायला दोन ध्वनी पुरतात.

आपल्याकडेही हेच घडले आहे. टंकनाच्या सोयीसाठी देवनागरीत 'अ'ची बाराखडी सुचवली गेली. उर्दूच्या नस्तालीकला तर यंत्र जुमानतच नव्हते. वर्तमानपत्रे कातिबांच्या बोरूवर चालत. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या हजारो जोडाकृती संगणकात बसल्या, आणि नस्तालीक सोडून नस्ख स्वीकारा असे सांगणाऱ्यांना उत्तर मिळाले.

आज आपली मुले मराठी आणि उर्दू, दोन्ही रोमन अक्षरांत मोबाइलवर लिहितात. आता यंत्राला दोष देता येणार नाही. दोन्ही लिप्या त्याच मोबाइलमध्ये आहेत. जपानी माणूसही संगणकावर बहुधा रोमन कळाच दाबतो, पण पडद्यावर त्याची स्वतःची लिपी उमटल्याशिवाय तो पुढे जात नाही. आपण मात्र रोमनवरच थांबतो. असे का, याचा विचार आपल्यालाच करावा लागेल.